'ब्रह्मचारी'ची तबकडी : आठ महिने वाजवल्यानंतर

नागपुरातल्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याची आवराआवर चालू असताना ही ग्रामोफोनची तबकडी मला सहाशे रुपयांत मिळाली. मास्टर विनायकांच्या १९३८ सालच्या 'ब्रह्मचारी'तलं 'यमुनाजळी खेळू खेळ'. आठवड्यातून दोनदा तरी लावतोच.

पोहण्याच्या पोशाखातल्या मीनाक्षी शिरोडकर एवढीच या चित्रपटाची ओळख उरली आहे. अत्र्यांनी लिहिलेली गोष्ट मात्र फार गोड. ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकून भारावलेला औदुंबर जपून ठेवलेली सिनेनट्यांची चित्रं टाकून देतो आणि मग किशोरी भेटते! तसलीच चित्रं आज संग्राहक शोधत फिरतात. मला मात्र हा आवाज हवा होता. गाणं मीनाक्षीबाईंचं स्वतःचं, चाल दादा चांदेकरांची. 'का लाजता' विचारतानाचा खट्याळपणा मोबाईलवर ऐकताना कधी जाणवलाच नव्हता.

पहिले पंधरा दिवस नुसती खरखर होती. चूक माझीच, एलपीची, म्हणजे नंतरच्या काळातल्या बारीक खाचेच्या तबकडीची सुई लावली होती. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या जुन्या तबकडीची खाच रुंद असते, बारीक सुई तिच्या तळाला घासत जाते. जाड सुई बसवली आणि मागचं वाद्य वेगळं ऐकू यायला लागलं. एक डाग कायमचा आहे. विकणाऱ्याने माझ्यादेखत स्पिरिटचा बोळा फिरवला. तबकडी लाखेची, आणि लाख स्पिरिटात विरघळते. तिथे दर फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला सव्वापेक्षा किंचित जास्त वेळा, 'शर्र' होतं. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब पुरतो, लेबल तेवढं कोरडं ठेवा.

नागपूरच्या मे महिन्याचं खरं भय होतं. आडव्या थप्पीत ठेवाल तर वाकलीच समजा. मी उभ्या ठेवतो, आतल्या खोलीत, कूलरच्या झोतापासून लांब. ओलीने लेबलं फुगतात.

घेताना उजेडात तिरपी धरून कडेच्या भेगा बघा आणि लेबल वाचा; हा चित्रपट हिंदीतही निघाला होता. काचेत मढवायला घेणार असाल तर कृपा करून वाजवणाऱ्यासाठी सोडा.

परवा शेजारच्या आजी भाजी निवडता निवडता थांबल्या. एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. सुई उचलली तशा म्हणाल्या, "लाव ना जी पुन्हा." चारदा लावली.