सांगली जिल्हा न्यायालयातली मोफत वकील सेवा : आमचा अनुभव

सगळ्यात आधी कामाचं सांगतो. घरातलं, भावकीतलं किंवा कामावरचं कुणी अटकेत असेल आणि वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर सावकाराच्या दारात जाऊ नका. विजयनगरला जिल्हा न्यायालयात जा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय विचारा. आमच्या गड्याच्या पोराची फौजदारी केस तिथून मिळालेल्या वकील मॅडमकडं आहे. जामीन त्यांनीच मिळवून दिला. फी म्हणून एक रुपया घेतला नाही.

गुन्हा चोरीचा. आमचा ऊस पलूस तालुक्यात नदीकाठाला आहे. काठावरच्या मोटारींची केबल रात्री कापायची, वरचं प्लास्टिक जाळून तांबं काढायचं आणि भंगारात घालायचं, हा प्रकार आमच्या भागात नवा नाही. माझीही केबल गेलेली आहे. ऐन पाळीच्या वेळी केबल गेली की नवीन आणून मोटार चालू होईस्तोवर ऊस माना टाकतो, आणि ती भरपाई कुणी देत नाही. तेव्हा चोरी किरकोळ आहे असं माझ्या तोंडून कुणी ऐकणार नाही.

पण हे पोरगं माझ्या डोळ्यांसमोर वाढलंय. एकोणीस वर्षांचं. बाप आजारी पडला म्हणून आयटीआय मध्येच सोडलं. मोबाईल हप्त्यानं घेतला, हप्ते थकले, ते फेडायला ॲपवरनं कर्ज काढलं. मग वसुलीवाले त्याच्या मामाला, बहिणीच्या सासरी फोन करून शिव्या द्यायला लागले. गावातली दोघंजण आधीपासून केबलच्या नादात होती. एका रात्रीत हप्ता फिटतोय म्हणाली आणि हा गेला. तांब्याला भाव आहे, आणि माल कुठला असं न विचारता रोख पैसे मोजणारा भंगारवाला जवळच आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली वेगळा गुन्हा आहे. त्यालाही साध्या चोरीसारखीच ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आमच्या केसमध्ये पोरं आत गेली, घेणारा मोकळा राहिला. तो दुकान मांडून बसलेला आहे तोवर काठावरची केबल जातच राहणार. याचा मला मनापासून राग आहे.

अटक झाल्यावर पोराची आई आमच्या अंगणात येऊन बसली. “आण्णा, वकील तीस हजार म्हणतोय. तारखंला येगळं. म्हस इकू का?” मोफत वकील मिळतो म्हटल्यावर बाप म्हणाला, “फुकटचा वकील भांडतोय व्हय?” पोराचंही तेच. पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं तेव्हा वकील पाहिजे का असं विचारलं होतं, त्यानं नको म्हणून सांगितलं. कोर्टानं दिलेला वकील पोलिसांकडचाच असणार असं त्याला वाटलं. त्यामुळं रिमांडला त्याच्या बाजूनं बोलायला कुणीच नव्हतं. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज काय, याची कारणं पोलिसांनी लिहून द्यायची आणि मॅजिस्ट्रेटनं ती तपासायची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ सालीच बजावलंय. हा मुद्दा पहिल्या दिवशी मांडायचा असतो. म्हणून विचारलं की लगेच हो म्हणा.

कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्याची धास्ती होती. पण १९८७ च्या विधी सेवा कायद्यात कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अटच नाही. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग यांनाही नाही. साधा अर्ज भरला. वकीलपत्रावर पोराची सही जेलमध्ये जाऊन घेतली.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या जन्मतारखेचा. शाळा सोडल्याचा दाखला मागितला, बोटानं तारीख दोनदा तपासली आणि फाईलवर लाल शाईनं मोठ्या अक्षरांत लिहिली. आम्हाला वाटलं कागदोपत्री काहीतरी लागत असेल. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढून नीट समजावून सांगितलं. १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे, म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर देखरेखीखाली सोडायचा कायदा. त्याच्या कलम ६ प्रमाणे २१ वर्षांच्या आतल्या आरोपीवर असला गुन्हा शाबीत झाला, तरी कोर्टानं शक्यतो तुरुंगात धाडायचं नाही. आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, आणि धाडायचंच असेल तर कारण लिहायचं. पण वय मोजतात ते शिक्षा सुनावतानाचं. गुन्ह्याच्या दिवशी १९ असून उपयोग नाही, केस रेंगाळली आणि पोरगं २१ च्या पुढं गेलं की हे संरक्षण गेलं. “म्हणून मी तारखा मागणार नाही आणि तुम्हीही मला मागायला लावू नका,” असं त्या स्पष्ट बोलल्या. तीस हजारवाल्यानं हे आम्हाला सांगितलं नव्हतं. नव्या संहितेत ५ हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीला, माल परत केला तर, समाजसेवेची शिक्षा आहे, तेही मी विचारलं. केबल जास्त किमतीची निघाली म्हणून ते लागू होत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

जामीन अर्ज मंजूर झाला. आता उणी बाजू. वकील फुकट मिळतो, जामीनदार मिळत नाही. मी उभा राहिलो. सात-बारा, आधार, फोटो, प्रतिज्ञापत्र सगळं झालं आणि पोरगं घरी आलं. त्याच्याबरोबर पकडलेल्या दुसऱ्या पोराचे आईबाप ऊसतोडीवर, जमीन नाही. हुकूम हातात असून ते आतच राहिलं. मॅडमनीच त्याच्यासाठी अट शिथिल करायचा अर्ज टाकला, तेव्हा कुठं सुटलं. महिनाभरात जामीन भरता आला नाही तर कोर्टानं अटींचा फेरविचार करावा असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली सांगितलंय, तरी अर्ज कुणीतरी करावाच लागतो. देशातल्या तुरुंगांत चारांतले जवळपास तीन कच्चे कैदी आहेत. त्यांत असली पोरं किती असतील, हा विचार डोक्यातनं जात नाही. आमचं पोरगं आत असताना बराकीत त्याला केबलवाल्यांची दुसरी टोळी भेटली आणि सुटल्यावर ये म्हणाली. सध्या ते माझ्याकडंच कामाला आहे. कर्जाचे हप्ते मी पगारातनं परस्पर भरतो.

वकील निवडून मिळत नाही, जो नेमतील तो घ्यावा लागतो. मॅडमकडं फायलींचा ढीग असतो, फोन लगेच उचलला जाईलच असं नाही. संध्याकाळी मात्र त्या स्वतःहून फोन करतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि तो अर्धा कापलाय तो जामीनदाराच्या अडचणीसाठी, माणसांसाठी नाही.

टोल फ्री नंबर १५१००. जाताना एफआयआरची प्रत, आधार आणि पोरगं कोवळं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला न विसरता न्या.