पाच हजारांत बेंगळुरूचा मेटल महोत्सव: काय परवडले, काय महागात पडले

महोत्सवाचे तिकीट सोडून माणशी पाच हजार रुपयांत परभणीहून बेंगळुरूला जाता येते, दिवसभर मेटल, म्हणजे जड गिटार आणि जोरदार ड्रमचे रॉक संगीत, ऐकता येते आणि अंग धड ठेवून घरी परतता येते, हे मी दोन वेळा जाऊन आल्यानंतर लिहितो आहे. पहिल्या वेळचा खर्च खरे तर याहून हजार रुपयांनी कमी होता, पण ज्या बँडसाठी एवढा प्रवास केला तो मंचावर आला तेव्हा मी मैदानाच्या कुंपणाला टेकून गाढ झोपलो होतो. दुसऱ्या वेळी तोच हजार कुठे घातला आणि त्याने काय फरक पडला, हे जाऊ इच्छिणाऱ्यांना सविस्तर कळावे असे वाटते.

बेंगळुरूच का, असे मराठवाड्यात अजूनही विचारले जाते. १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड पहिल्यांदा भारतात आला तो बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर, आणि मी तेव्हा बारावीच्या परीक्षेला बसलो होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटालिका या अमेरिकी बँडनेही तेच मैदान गाजवले, तेव्हा खिशात पैसे नव्हते. क्रिप्टॉससारखा बँड १९९८ पासून त्याच शहरात वाढला आहे. २०१२ साली तिथे ‘बेंगळुरू ओपन एअर’ सुरू झाला. जर्मनीतल्या वाकेन या खेड्यात १९९० पासून भरणाऱ्या मेटल महोत्सवाशी त्याचे नाते आहे, आणि त्याचा पिंडही तसाच आहे: इतर संगीताची सरमिसळ न करता दुपारपासून रात्रीपर्यंत निव्वळ मेटल. मुंबईच्या मोठ्या महोत्सवांत एखादा मेटल बँड ऐकायला मिळतो. इथे सगळे मैदानच आपल्या आवडीचे असते. माझ्यासारख्या माणसाला, ज्याच्या गावात या संगीताबद्दल बोलायला चार लोकही मिळत नाहीत, ही गोष्ट तिकिटाच्या पैशांइतकीच मोलाची वाटते.

आपल्या भागाचे भाग्य असे की नांदेडहून बेंगळुरूला थेट रेल्वेगाडी आहे, आणि ती परभणी, परळी, लातूर रोड, उदगीर, बीदर अशी आपल्याच मुलखातून जाते. शुक्रवारी सकाळी बसले की शनिवारी पहाटे माणूस बेंगळुरूत उतरतो. रविवारी रात्री उशिरा परतीची गाडी धरली की सोमवारी संध्याकाळी परभणी, म्हणजे नोकरदाराला रजा लागते ती शुक्रवार आणि सोमवार अशी दोनच दिवसांची. हैदराबादला जाऊन पुढे खाजगी बस धरण्याचा पर्यायही आम्ही पाहिला होता, परंतु शनिवार-रविवारच्या तोंडावर त्या बसचे भाडे चढते आणि पोहोचण्याची वेळ हातात राहत नाही. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे एकशेवीस दिवस आधी नाही. त्यामुळे महोत्सवाची तारीख जाहीर झाली की निघण्याच्या दिवसापासून मागे साठ दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करावी आणि त्या सकाळी आठ वाजता मोबाईल हातात घेऊन बसावे. तत्काळच्या भरवशावर राहू नये, कारण आपण तिघे असलो आणि दोनच बर्थ मिळाले तर सहलीचा विचका तिथेच होतो.

जाताना आम्ही स्लीपरने गेलो, माणशी साधारण पाचशे रुपये. येताना मात्र तृतीय वातानुकूलितचे तेराशे रुपये मोजले, आणि या आठशे रुपयांच्या फरकाबद्दल मला तिळमात्र खंत नाही. दहा तास उभे राहिलेल्या पायांना आणि घसा बसलेल्या माणसाला वीस तासांच्या आसपासचा परतीचा प्रवास कसा वाटतो, हे मी पहिल्या वेळी भोगले आहे.

शिदोरीचा विषय थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. माझा धाकटा भाऊ परभणीहून बरोबर होता आणि तिसरा मित्र उदगीरला चढणार होता. उदगीर स्थानकावर गाडी थांबली तेव्हा त्याची आई स्वतः फलाटावर आली होती. काकूंनी खिडकीच्या गजातून एकेक पुडके आत सरकवले: वर्तमानपत्रात गुंडाळलेले ज्वारीचे धपाटे, दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एका छोट्या बाटलीत लसणाचे तिखट. गाडी हलू लागली तरी त्या खिडकीबरोबर चालत सांगत होत्या, “लेकरांनो, धपाटे उद्या सकाळपर्यंत संपवा, दशम्या परवापर्यंत राहतेत.” त्यांचा हिशेब अगदी अचूक ठरला. धपाट्यांनी गाडीतली दोन जेवणे निघाली, आणि रविवारी सकाळी घसा दुखत असताना चहात बुडवलेल्या दशमीइतके दुसरे काहीच गिळवत नव्हते. बेंगळुरूत उरलेले खाणे दर्शिनीत केले. उभ्या उभ्या खाण्याच्या या छोट्या हॉटेलांत इडली-वडा आणि फिल्टर कॉफी स्वस्त, गरम आणि ताबडतोब मिळते. मैदानातले खाणे मात्र कुठल्याही महोत्सवात महागच असते आणि बाहेरचे डबे आत नेऊ देत नाहीत, म्हणून आत शिरण्यापूर्वी दर्शिनीत पोटभर जेवून घ्यावे आणि आत संध्याकाळी एकदाच खाण्याची तरतूद ठेवावी. तीन दिवसांच्या खाण्यापिण्याचा माझा खर्च अकराशे रुपयांत भागला.

आता मुक्कामाबद्दल, कारण सगळे गणित इथेच जुळते किंवा फसते. पहिल्या वेळी आम्ही नेटवर सर्वांत स्वस्त दिसलेला लॉज शहराच्या एका टोकाला घेतला होता. पहाटे उतरलो तर खोली दुपारी बारालाच मिळणार होती, म्हणून सहा-सात तास स्थानकाच्या प्रतीक्षागृहात बसून काढले, आणि तिथून तसेच महोत्सवाला गेलो. रात्री कार्यक्रम संपवून परतलो तेव्हा लॉजचे फाटक आतून बंद होते. आरक्षण करताना याबद्दल एक शब्दही सांगितला गेला नव्हता, आणि अर्धा तास फाटक वाजवल्यावर झोपेतून उठलेल्या माणसाने उलट आम्हालाच सुनावले. झोप न झालेल्या शरीराने मैदानात कशी साथ सोडली ते मी सुरुवातीला लिहिलेच आहे.

या वेळी गांधीनगरात, म्हणजे मुख्य स्थानकासमोर मॅजेस्टिकच्या परिसरात, एका डॉर्मिटरीत तीन खाटा घेतल्या. सातशे रुपये खाट. आम्ही शनिवारी पहाटे पोहोचणार होतो, तरीही शुक्रवार रात्रीचे पैसे जाणूनबुजून भरले, म्हणजे रिकाम्या खाटेचे सातशे रुपये दिले असे कोणी म्हणेल. पण पहाटे पाचला अंघोळ करून स्वच्छ चादरीवर साडेदहापर्यंत झोपता आले, आणि पूर्ण सहलीतला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च तोच. खाटेला जाड सुती पडदा होता, उशाशी वाचनाचा छोटा दिवा आणि मोबाईल लावायला स्वतंत्र सॉकेट होते, खाटेखाली कुलपाची पेटी होती. कुलूप मात्र आपले न्यावे लागते. सहा खाटांमागे एक न्हाणीघर, गरम पाणी पहाटेही होते. रात्रभर जागा असलेला पहारेकरी आणि उघडे दार, ही चौकशी आम्ही आधी फोनवर करून घेतली होती. उणीव एकच: खिडकी रस्त्याकडे असल्याने बसचे हॉर्न सकाळी सहापासून ऐकू येतात. रविवारी खाटा अकराला सोडाव्या लागल्या, तरी सामान रात्रीपर्यंत विनामूल्य ठेवून घेतले, त्यामुळे कब्बन पार्कात हात हलवत फिरता आले.

मॅजेस्टिकचा आग्रह मी दुसऱ्याही कारणासाठी धरतो. महोत्सवाची जागा दरवर्षी एकच असेल असे धरून चालता येत नाही, आणि बेंगळुरू मेट्रोच्या जांभळ्या व हिरव्या मार्गिका मॅजेस्टिकलाच एकमेकींना छेदतात. जागा शहरात कुठेही असली तरी निम्मे अंतर मेट्रोने कापता येते आणि उरलेल्यापुरती रिक्षा करावी लागते. मेट्रोच्या शेवटच्या गाड्या रात्री अकराच्या आसपास सुटतात, आणि मुख्य बँड तेव्हाच रंगात आलेला असतो. मेट्रो गाठण्यासाठी शेवटची चार गाणी सोडून पळणारी मुले मी दोन्ही वर्षी पाहिली. आपण इतक्या लांबून येतो ते अर्धवट ऐकण्यासाठी नव्हे. तिघांत रात्रीच्या टॅक्सीचे पैसे अंदाजपत्रकात आधीच बाजूला काढावेत. शहरांतर्गत प्रवासाचे माझे सहाशे रुपये झाले, त्यातले निम्म्याहून अधिक त्या एका टॅक्सीत गेले.

प्रत्यक्ष महोत्सवाबद्दल माझे मत मनापासून चांगले आहे. दुपारी दार उघडताच आत गेलो तेव्हा मैदान अर्धे रिकामे होते आणि मंचावर नवखी मुले वाजवत होती. या वेळेला फार कमी लोक येतात, आणि त्याचे मला वाईट वाटते, कारण मंचापासून दहा हातांवर उभे राहून गिटारवरची बोटे बघायला मिळतात ती याच वेळी. डबल बेस ड्रमचा ठोका कानाआधी छातीच्या फासळ्यांत पोहोचतो, हा अनुभव घरच्या स्पीकरवर कितीही आवाज वाढवला तरी येत नाही. ध्वनियंत्रणेच्या मेजासमोर, मैदानाच्या मध्यभागी, आवाज सर्वांत स्वच्छ लागतो. तिथे गायकाचा शब्द आणि बेस गिटार दोन्ही वेगळे ओळखू येतात. मंचापुढच्या धक्काबुक्कीबद्दल घरच्यांना काळजी वाटते, म्हणून मुद्दाम लिहितो: माझ्यासमोर एक मुलगा पडला, तर क्षणात चार जणांनी हात देऊन त्याला उभे केले, आणि पाचव्याने त्याचा चष्मा दोन्ही हातांनी वर धरून मालक सापडेपर्यंत खाली आणला नाही.

कानांबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो. पहिल्या वेळी माझ्या भावाने कानात कापूस घातला होता, आणि परतल्यानंतर दोन दिवस त्याच्या कानात शिट्टी वाजत होती. कापूस या आवाजाला जवळजवळ अडवतच नाही. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे मानले, तर दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते, म्हणजे शंभर डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी शंभर डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. या वेळी परभणीतल्याच मेडिकलमधून फोमचे इअरप्लग घेतले, तिघांचे मिळून तीनशे रुपये. ते बोटांत वळून काडीसारखे बारीक करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बाहेरच लोंबत राहिला तर त्याचा उपयोग नाही. फोममुळे झांजांची चमक थोडी दबते हे खरे. वादकांसाठी मिळणारे महागडे प्लग सगळे स्वर सारखे कमी करतात, आणि पुढच्या वेळी ते घेण्याचा माझा विचार आहे.

कार्यक्रम रद्द होण्याचा धोकाही हिशेबात धरावा. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटालिकाचा गुडगावचा कार्यक्रम लोक मैदानात पोहोचल्यानंतर रद्द झाला होता. बेंगळुरूचा दोन दिवसांनी पार पडला. म्हणून मुक्काम असा निवडावा की जो आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येतो, त्यासाठी पन्नास रुपये जास्त पडले तरी चालेल. रेल्वेचे तिकीट जितके लवकर रद्द करू तितकी कपात कमी लागते. महोत्सवाचे तिकीट मात्र पहिल्या टप्प्यात, सवलतीच्या दरात काढावे, कारण टप्पे उलटत जातात तसा दर चढतो आणि आपली सगळी काटकसर त्या एका उशिरात वाहून जाते.

जाण्यायेण्याचे अठराशे, खाटेचे चौदाशे, खाण्याचे अकराशे, शहरातल्या फिरण्याचे सहाशे आणि कानांचे शंभर, असा माणशी पाच हजारांचा हिशेब भावाने परतीच्या गाडीत वहीच्या मागच्या पानावर लिहिला. सोमवारी उदगीर मागे पडले तेव्हा मित्र उतरून गेला होता आणि डब्यात शांतता होती. मी भावाला कानांबद्दल विचारले. त्याने डोळे मिटून थोडा वेळ ऐकले आणि म्हणाला, “दादा, नुसती गाडीच ऐकू येतेय.”