एक वायफाय, तीन घरं: नऊ महिन्यांनंतर

बिल ९९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७९. मजल्यावर घरं तीन. प्रत्येकी ३९३. शेजारच्या मावशी एक तारखेला चारशेच हातावर ठेवतात आणि वर मलाच ऐकवतात, "सात रुपयांचं काय घेऊन बसलीस गं." पलीकडचे काका मार्चपर्यंत जीपेवर बरोबर ३९३ पाठवायचे आणि खाली 'नेट' असं लिहायचे. सप्टेंबरात हे सुरू केलं, आता जून लागला. करावं का असं दोन-तीन जणींनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

बिल्डिंग डोंबिवली पूर्वेची, जुनी, तळमजला अधिक तीन, भिंती नऊ इंची विटांच्या. हे आधीच सांगते, कारण पुढचं निम्मं रामायण त्या भिंतींनी घडवलंय. कनेक्शन केबलवाल्याचं फायबर, २०० एमबीपीएस, महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा. घेतलं माझ्या नावावर, कारण महिन्याअखेरीला मला घरून हिशेबाचं काम असतं. मावशी एकट्या राहतात, काकांकडे नातवासकट चौघं.

"वाटून घेतलं की स्पीड कमी होत नाही का?" हा पहिला प्रश्न सगळ्यांचा, आणि तोच सगळ्यात बिनमहत्त्वाचा. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस पुरतात. तिन्ही घरचे टीव्ही एकदम लागले तरी पंधरा-वीसच्या वर काही जात नाही. नऊ महिन्यांत आम्ही मर्यादेच्या एक तृतीयांशालाही पोचलो नाही, तेही क्रिकेटचा सीझन धरून.

तरी पहिल्या महिन्यात माझ्याच हॉलमध्ये, राउटरपासून चार हातांवर, टीव्हीवर चक्र फिरायचं. मी केबलवाल्याला दोनदा बोलावून भांडले. तो लॅपटॉपला वायर लावायचा, २०० दाखवायचा आणि चहा पिऊन जायचा. चूक त्याची नव्हतीच. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. काकांच्या आतल्या खोलीतला फोन दोन भिंतींपलीकडून कशीबशी रेंज धरून होता. इतक्या लांबून तो अगदी रडतखडत बोलतो, म्हणजे तेवढ्याच व्हिडिओला दहापट वेळ खातो. तो रांगेतून हलेपर्यंत जवळचे सगळे ताटकळत. म्हणजे त्यांच्या नातवाला नेट मिळत नव्हतं आणि त्याच्यामुळे मलाही.

त्यावर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा उपाय चालेना. तो वेगवान खरा, पण नऊ इंची भिंतीपुढे मान टाकतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून जातो, पण त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या जिन्यात उभं राहून मोजलं तर तेवीस वायफाय दिसली. तेवीस घरं तीन चॅनेलवर! त्यात कुणाचा मायक्रोवेव्ह लागला की आणखी कालवा, तोही २.४ च्याच पट्ट्यात आवाज करतो.

शेवटी वायरच ओढली. कॅट ६, म्हणजे आत आठ तारा असलेली नेटची केबल, माझ्या दारावरच्या झरोक्यातून बाहेर, पॅसेजच्या वरच्या कडेने, काकांच्या दारापर्यंत. त्यांच्या टोकाला अडीच हजारांचा दुसरा राउटर. कनेक्टर भाच्याने बसवले, आणि स्पीड ९४ च्या वर हलेना. त्याने राउटर बदलून पाहिला, पोर्ट बदलले, फर्मवेअर टाकलं. दोन तासांनी मी चष्मा लावून कनेक्टर उजेडात धरला, तर आठातली तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती. १०० पर्यंतचं काम चार तारांवर भागतं, पुढे जायला आठही लागतात. टोक कापून परत बसवलं आणि पहिल्या झटक्यात १९०. तुम्हीही ९४-९५ वर अडकलात तर कंपनीला फोन लावण्याआधी तारा मोजा.

यातून दुसरंच एक लचांड निघालं. काकांचा राउटर आधी मी अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला होता, म्हणजे तिन्ही घरं एकाच नेटवर्कवर. एका रात्री मी मालिका बघत होते, ऐन रंगात आली होती, आणि टीव्हीवर एकदम कार्टूनमधलं अस्वल नाचायला लागलं. नातवाने आपल्या फोनवरून 'टीव्हीवर दाखवा' दाबलं होतं, आणि यादीत त्याला माझा टीव्ही आधी दिसला. तो त्यांच्या टीव्हीसमोर रडतोय, मी माझ्यासमोर. हसलो खूप, पण त्याच यादीत माझा प्रिंटरही होता. दुसऱ्या दिवशी काकांचा राउटर पूर्ण राउटर म्हणून चालवला, म्हणजे त्यांचं नेटवर्क वेगळं झालं. मावशींना माझ्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं, गेस्ट नेटवर्क दिलं. नातू म्हणतो गेममध्ये आता काहीतरी 'स्ट्रिक्ट' दाखवतं. दाखवू दे.

पासवर्डचं मात्र मनावर घ्या. मावशींनी तो कागदावर लिहून फ्रीजला चिकटवला होता, वर हळदीचं बोट. फेब्रुवारीत राउटरची यादी उघडली तर एकतीस उपकरणं! आमची तिन्ही घरची मिळून सोळा. मावशींचे जावई, त्यांचे मित्र, कामवाल्या ताई, इथपर्यंत ठीक. पण दुपारी दोनला जिन्यात एक पोरगा पायरीवर बसून रील्स बघत होता, दूध टाकायला येणारा. त्याला विचारलं तर म्हणाला, "मावशींनीच दिलाय की, उन्हाचं टेकतो जरा." त्याला काय बोलणार. त्याला पाणी दिलं आणि संध्याकाळी पासवर्ड बदलला.

मावशी रुसल्या. मग त्यांना सानपाड्याची गोष्ट सांगितली. २००८ च्या जुलैत अहमदाबादला स्फोट झाले, त्याआधी काही मिनिटं धमकीची ई-मेल आली, आणि ती निघाली नवी मुंबईतल्या सानपाड्यात एका अमेरिकन माणसाच्या घरच्या उघड्या वायफायवरून. चौकशी झाली ती त्याची. कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याच दारात पोलीस येणार, पायरीवर कोण बसलं होतं हे नंतरचं. मावशींना ते पटलं, जरा जास्तच. आता जावयालासुद्धा देत नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर घरगुती कनेक्शनच्या अटींत बहुतेक ठिकाणी स्वतःच्या घरापुरतं वापरा, पुढे विकू नका असं असतं. माझ्याही फॉर्मवर आहे, बारीक अक्षरात. मी तो वाचला चौथ्या महिन्यात. आम्ही विकत नाही, बिल वाटून घेतो, अशी मी मनाची समजूत घातली आहे, पण कंपनी उद्या ती मान्य करेल असं समजू नका. केबलवाल्याला विचारलं तर तो वर पंख्याकडे बघायला लागला. (दुकानदारांना परवान्याशिवाय वायफाय पुरवता यावं म्हणून २०२० च्या डिसेंबरात पीएम-वाणी ही केंद्राची योजना मंजूर झाली, पण ती सार्वजनिक वायफायसाठी. आमच्या पॅसेजला तिचा काही उपयोग नाही.)

पैशांवरून एकदाही वाजलं नाही. खरी किंमत निराळीच आहे. ज्याच्या घरी राउटरचा डबा, तो तिन्ही घरचा वायरमन. लाईट गेली की राउटर बंद, म्हणून बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणला, तोही मीच. रविवारी दुपारी जेवण अंगावर आलेलं असताना बेल वाजते, "अगं, नेट गेलंय का गं?" नेट असतं. मावशींचा फोन एअरप्लेन मोडवर असतो. आम्ही चार दिवस गावाला गेलो तेव्हा मेन स्विच बंद करायचा नाही हे नवऱ्याला तीनदा सांगितलं. त्याने केला. काकांचा फोन कसाऱ्यालाच आला, मग किल्ली मावशींकडे. आता ती कायमची त्यांच्याकडेच असते, आणि फ्रीजमधलं दूध संपलं तर त्या आणूनही ठेवतात, हे हिशेबात कुठे मांडायचं मला कळत नाही.

मार्चअखेर काकांच्या मुलाला ऑफिसने घरून काम दिलं. ऑफिसचं म्हणणं, कनेक्शन स्वतःच्या नावावर हवं. त्यांनी दुसऱ्या कंपनीचं घेतलं. काका सांगायला आले तेव्हा काहीतरी गुन्हा केल्यासारखे दारातच उभे होते. वाटा ५८९ वर गेला. मावशींचा वापर तो किती, त्यांच्याकडून मी जुनेच ३९३ घेते, म्हणजे चारशे. पॅसेजमधली वायर काढू या असं ठरलं होतं, शिडी कुणी आणली नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात रस्त्याच्या खोदकामात जेसीबीने आमच्या बाजूचं फायबर तोडलं. केबलवाला म्हणाला दोन दिवस. माझं महिन्याचं काम अर्ध्यात. संध्याकाळी काका त्यांच्या दारातून म्हणाले, "अगं, ती वायर आमच्या टोकाला अजून लोंबतेच आहे. उलटी लाव की." त्यांनी त्यांचं टोक नव्या राउटरच्या लॅन पोर्टात, म्हणजे नेट पुढे देणाऱ्या भोकात घातलं, मी माझं वॅनमध्ये, म्हणजे नेट आत घेणाऱ्या. मिनिटभरात दिवा हिरवा झाला. दोन दिवस मी आणि मावशी काकांच्या नेटवर. एक तारखेला मी त्यांना पैसे विचारले, तर म्हणाले, "सात रुपयांचं काय घेऊन बसलीस."