रुग्ण किती येणार ते कळते, खाट कधी मिळणार ते कळत नाही : आपत्कालीन विभागासाठीच्या अंदाज-प्रणालीचे परीक्षण

आपत्कालीन विभागात किती रुग्ण येतील याचा अंदाज बांधणाऱ्या संगणक-प्रणाली आता रुग्णालयांना सर्रास विकल्या जातात. त्यांपैकी एक आमच्या विभागात बराच काळ वापरात आहे. कंपनीचे नाव इथे देत नाही, कारण खाली नोंदवलेले बहुतेक गुणदोष एका कंपनीचे नसून या सगळ्या वाणाचेच आहेत. अशी प्रणाली घ्यावी की नाही, या विचारात असलेल्या वैद्यकीय अधीक्षकांना, विभागप्रमुखांना आणि ड्यूटी लावणाऱ्या मेट्रनना निर्णय घेताना काही आधार मिळावा, एवढाच हेतू आहे.

प्रणालीचे काम सरळ आहे. नोंदणी-खिडकीवर होणाऱ्या प्रत्येक नोंदीची वेळ ती उचलते, मागच्या काही वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहते आणि पुढच्या सात दिवसांचा तासागणिक आलेख पडद्यावर मांडते. कॅज्युअल्टीत काम केलेल्या कोणालाही त्या आलेखाचा आकार ओळखीचा वाटेल : पहाटे चार-पाचच्या सुमारास तळ, सकाळी आठनंतर चढ, दुपार होण्याच्या थोडे आधी शिखर, मग किंचित उतार आणि संध्याकाळी पुन्हा एक उंचवटा, जो रात्री उशिरापर्यंत रेंगाळतो. साप्ताहिक सुट्टीनंतरचा पहिला कामाचा दिवस सर्वांत गजबजलेला असतो. बहुतेक देशांत तो सोमवार, आणि जिथे आठवडा रविवारी सुरू होतो तिथे रविवार. म्हणजे या आलेखात केवळ आजार दिसत नाहीत, ‘उद्या बघू’ म्हणून अंगावर काढलेले दुखणेही दिसते. अर्थात काही भाग शरीराच्या घड्याळाचाही आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हृदयविकाराचे झटके रात्री अकराच्या तुलनेत सकाळी नऊच्या सुमारास जवळजवळ तिप्पट प्रमाणात सुरू होताना आढळले होते. लहान मुलांचा ताप संध्याकाळी चढतो, मद्यपानातून होणाऱ्या दुखापती सुट्टीच्या आधीच्या रात्री वाढतात, आणि रात्री येणारे रुग्ण संख्येने कमी असले तरी त्यांतील गंभीर रुग्णांचे प्रमाण अधिक असते. पौर्णिमेचा परिणाम मात्र अनेकांनी शोधूनही ठामपणे हाती लागलेला नाही; प्रणालीत चंद्रकलेचा रकाना नाही, ही त्यामुळे जमेची बाजू समजावी.

हा आलेख प्रणाली चांगल्या रीतीने पकडते, यात वाद नाही. विक्रेत्याने सांगितलेल्या ‘नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकते’कडे मात्र जरा बारकाईने पाहायला हवे. एकमेकांशी संबंध नसलेली माणसे आपापल्या कारणाने येत असतात, तेव्हा संख्येत नैसर्गिक चढउतार असतोच. दिवसाची सरासरी १०० असेल तर काहीही वेगळे घडलेले नसताना एखाद्या दिवशी ९० आणि एखाद्या दिवशी ११० रुग्ण येणे अगदी स्वाभाविक आहे. इतक्या संख्येवर निव्वळ योगायोगापोटी होणारी सरासरी चूकच आठ टक्क्यांच्या आसपास असते. त्याखाली कोणतीही प्रणाली कायमची जाऊ शकत नाही, आणि तिच्या बऱ्यापैकी जवळ तर जुनी रजिस्टरे चाळून त्या-त्या वाराची सरासरी काढणारी अनुभवी सिस्टरही जाते. तासाच्या पातळीवर परिस्थिती आणखी निसरडी होते. तासाला सरासरी चार रुग्ण येत असतील तर कधी दोन, कधी सहा हे ठरलेलेच, त्यामुळे पडद्यावरचा ‘११ ते १२ : ४’ हा आकडा वाचून एखाद्याला चहाला पाठवणे शहाणपणाचे नाही. मुख्य आकड्याभोवती फिकट पट्टा काढून प्रणाली ही अनिश्चितता दाखवते खरी, पण भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो पट्टा दिसतच नाही. तो पाहायला कोणीतरी टेबलावरच्या संगणकावर जावे लागते.

असाधारण घटनांपुढे ती हतबल ठरते आणि त्याबद्दल तिला दोष देणे अन्यायाचे होईल. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ रोजी गडगडाटी वादळाबरोबर परागकणांचे सूक्ष्म तुकडे हवेत पसरले आणि सुमारे तीस तासांत श्वसनाच्या तक्रारींचे तीन हजारांहून अधिक जादा रुग्ण तिथल्या आपत्कालीन विभागांत आले. दहा जणांचा मृत्यू झाला. मागच्या नोंदींवर शिकलेल्या कोणत्याही यंत्राला हे आदल्या दिवशी कळले नसते. उलट बाजूचे उदाहरण २०२० सालचे आहे : २९ मार्च ते २५ एप्रिल या काळात अमेरिकेतील आपत्कालीन विभागांच्या भेटी आदल्या वर्षीच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी घटल्या होत्या. खरेदीपूर्वी विक्रेत्याला विचारण्याजोगा प्रश्न इथेच आहे. त्या काळातल्या नोंदी प्रणालीने वेगळ्या काढल्या आहेत की सरसकट सरासरीत मिसळल्या आहेत? आमच्याकडे त्या वेगळ्या काढलेल्या आहेत, पण ही माहिती पुस्तिकेत नव्हती, विचारल्यावर मिळाली.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक रंगीत चौकट असते : हिरवी, पिवळी किंवा लाल. आठवड्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी ट्रायजपाशी, म्हणजे आलेल्या रुग्णांची गंभीरता पाहून क्रम ठरवतात त्या जागी, उभे राहून पाहिले तर मार्गिकेत भिंतीला लागून स्ट्रेचर लावलेले असतात, त्यांतल्या बहुतेकांच्या कागदावर ‘दाखल करणे’ असा शेरा दुपारीच पडलेला असतो, ऑक्सिजनचा सिलिंडर एका स्ट्रेचरकडून दुसऱ्याकडे सरकवला जात असतो, आणि वर चौकट मात्र हिरवीगार, कारण आलेल्या रुग्णांची संख्या अंदाजाच्या आत आहे. रंग आगमनाशी बांधला आहे, गर्दीशी नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत. विभागात एका वेळी असणारे रुग्ण म्हणजे तासाला येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाच्या मुक्कामाचे तास. रांगांच्या अभ्यासातला हा नियम जॉन लिट्ल यांनी १९६१ साली सिद्ध केला. तासाला दहा रुग्ण येत असतील आणि सरासरी मुक्काम चार तासांचा असेल तर विभागात चाळीस जण असतात. वॉर्डात खाट रिकामी न झाल्यामुळे तोच मुक्काम सहा तासांवर गेला, तर एकही रुग्ण जास्त न येता साठ जण होतात. आगमनाचे शिखर दुपारच्या आधी येते आणि गर्दीचे संध्याकाळी, त्याचे कारण याच गुणाकारात आहे : सकाळी आलेल्यांचे तपास आणि निर्णय दुपारपर्यंत होतात, आणि वॉर्डातले डिस्चार्ज त्यानंतरही कागदपत्रांत अडकलेले असतात. म्हणून संध्याकाळच्या कोंडीचे मूळ सकाळच्या वॉर्ड-राउंडमध्ये असते, आणि त्याचा एकही आकडा या प्रणालीत शिरत नाही.

‘टाळता येण्याजोग्या भेटी’ हा अहवाल तर सरळ बंद ठेवावा. किरकोळ निदान होऊन घरी गेलेल्या रुग्णांना प्रणाली या खान्यात टाकते. निदान शेवटी होते, छातीत दुखणे आधी येते. आम्लपित्ताचा रुग्ण आणि हृदयविकाराचा रुग्ण दाराशी बऱ्याचदा एकच वाक्य बोलतात. शिवाय किरकोळ तक्रारीच्या रुग्णाला खाट लागत नाही, तो खुर्चीवर बसतो आणि तपासून जातो, त्यामुळे कोंडीत त्याचा वाटा अगदी थोडा असतो. हा अहवाल व्यवस्थापनाच्या बैठकीत गेला की चर्चा लोकांच्या सवयींवर घसरते आणि खाटांचा विषय मागे पडतो.

नोंदींच्या वेळेबाबत एक सूचना. रुग्णवाहिकेतून आलेला अत्यवस्थ रुग्ण थेट पुनरुज्जीवन कक्षात जातो आणि त्याची नोंद नंतर, कधीकधी पाळी बदलल्यावर होते. प्रणाली नोंदीची वेळ हीच आगमनाची वेळ धरते, त्यामुळे आमच्या आलेखात पाळी बदलल्यानंतर एक खोटा उंचवटा दिसू लागला होता. ट्रायजची वेळ मूळ मानायला सांगितल्यावर तो नाहीसा झाला. ज्यांच्याकडे ट्रायजची वेळ वेगळी नोंदवली जात नाही, त्यांनी आधी ती शिस्त लावावी आणि मग खरेदीचा विचार करावा.

ड्यूटी लावण्यासाठी मात्र प्रणाली पैसे वसूल करून देते. दुपारच्या पाळीतला एक डॉक्टर सकाळी अकराला बोलवावा, हे आमच्या निवासी डॉक्टरांचे जुने म्हणणे होते. आलेख समोर ठेवल्यावर ते एका बैठकीत मान्य झाले. हिवाळ्यातील श्वसनविकारांच्या लाटेआधी नेब्युलायझरचा साठा वाढवणे, मोठ्या सुट्टीनंतरच्या दिवशी रजा न देणे, हे निर्णयही आता वादावादीशिवाय होतात. वेगळी स्वागतिका आणि स्वतंत्र विश्लेषक नसलेल्या छोट्या विभागाने मात्र यात पडू नये. त्यांना वार आणि तासांनुसार आखलेला एक साधा तक्ता पुरतो.

कराराच्या नूतनीकरणासाठी आम्ही एकच अट घातली आहे : चौकटीचा रंग दाखल करण्याचा निर्णय होऊनही खाटेची वाट पाहणाऱ्या रुग्णांच्या संख्येवर ठरावा आणि तोच पडदा वॉर्डांच्या परिचारिका-कक्षातही लावला जावा. कंपनीने पहिला भाग मान्य केला आहे. दुसऱ्यासाठी वॉर्डांची संमती लागते, आणि ती अजून आलेली नाही.