मुलांच्या फुटबॉलसाठी फुटसाल: काही महिन्यांच्या वापरानंतर

दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना मी फुटबॉल शिकवतो. गेले काही महिने आमचा निम्मा सराव फुटसालचा, म्हणजे लहान, कडक मैदानावर पाच-पाच जणांनी खेळायच्या फुटबॉलचा असतो. फायदा नक्की होतो, पण फुटसालचा चेंडू आणि फुटसालचेच नियम असतील तरच.

आधी चेंडू. तो ४ नंबरचा असतो, वजन ४०० ते ४४० ग्रॅम. २ मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला फार तर ६५ सेंमी उसळतो. लहान जागेत ५ नंबरचा, म्हणजे नेहमीचा मोठा फुटबॉल घेतला की तो सारखा गुडघ्यापर्यंत उडतो आणि मुलं त्याच्यामागे धावत सुटतात. फुटसालचा चेंडू जमिनीला धरून राहतो. त्यामुळे तळव्याने थांबवणं, मागे ओढणं, झटकन दिशा बदलणं हे मुलं न सांगता करू लागली.

जाळीबंद टर्फवर चेंडू कडेला आपटून परत आत येतो, त्यामुळे चुकलेला पासही खपून जातो. फुटसालमध्ये कडेला फक्त रेषा. चेंडू बाहेर गेला की समोरच्या संघाचा, आणि किक-इन, म्हणजे रेषेवरून पायाने चेंडू परत आत मारणं, ४ सेकंदांत घ्यायची. गोलकीपरने आपल्या अर्ध्यात एकदा पास दिला की समोरच्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत तिथे त्याला परत पास देता येत नाही. अडचणीत सापडलं की मागे ढकलून मोकळं व्हायची सोय नाही, म्हणून डोकं आधीच चालवावं लागतं. माझ्या मते खरं शिक्षण इथेच होतं.

आमच्याकडची एक मुलगी पूर्वी गोलकडे पाठ करून पास घ्यायची, चेंडू अडवायची आणि मग मान वर करायची. आता चेंडू वाटेत असतानाच ती खांद्यावरून मागे बघते, अर्धी वळून उभी राहते, चेंडूपासून लांबच्या पायाने तो घेते आणि त्याच हालचालीत पुढे निघते. मोठ्या मैदानावरही ही सवय टिकली, याचा मला फार आनंद आहे.

पालक ब्राझीलचे फुटबॉलपटू रोनाल्डिन्यो आणि नेमार यांची नावं घेतात. दोघंही लहानपणी फुटसाल खेळले हे खरंच, पण तेवढ्यावर फुटबॉल होत नाही. हेडर (डोक्याने मारणं), क्रॉस (कडेवरून गोलसमोर दिलेला पास), लांब पास यांना इथे फारसा वाव नाही आणि ऑफसाइड तर नाहीच. निव्वळ फुटसाल खेळून मोठ्या मैदानावर आलेली मुलं सुरुवातीला एकमेकांना चिकटून खेळतात, मोकळी जागा वापरत नाहीत. त्यासाठी वेगळा सराव लागतोच.

बूट सपाट रबरी तळाचेच घ्या, स्टडचे (तळाला टोकं असलेले) नकोत. सिमेंटवर रोज खेळवू नका, टाचा आणि गुडघे दुखायला लागतात. लाकडी फरशी मिळाली तर उत्तम.

बारा वर्षांपर्यंत मी हे प्रमाण निम्मंच ठेवणार आहे. पुढच्या गटाला आठवड्यातून एकदा फुटसाल पुरे, कारण त्यांना ११ जणांच्या खेळातल्या जागा आणि अंतरं समजून घ्यायला वेळ लागतो.