स्वतःचा सिक्वेन्सर की जाळ्यातील सामायिक सुविधा?

मिळालेल्या निधीतून स्वतःचे सिक्वेन्सिंग यंत्र (डीएनए-आरएनएमधील अक्षरांचा क्रम वाचणारे यंत्र) घ्यावे की प्रादेशिक संशोधन-जाळ्याच्या केंद्राकडे नमुने पाठवावेत, असा पेच एका सहकाऱ्याने मांडला.

खर्चाचा हिशेब यंत्राच्या किमतीवर संपत नाही. फ्लो सेल, म्हणजे ज्यावर नमुने वाचले जातात तो यंत्रातला बदलता भाग, एकदा वापरायला काढला की त्यावर ८ नमुने असोत वा ९६, त्याचा खर्च तेवढाच. सामायिक केंद्रात निरनिराळ्या गटांचे नमुने बारकोड (नमुन्याची ओळख सांगणारा डीएनएचा छोटा तुकडा) लावून एकत्र चालवता येतात, तर एकट्या प्रयोगशाळेत रसायनांची मुदत उलटते आणि देखभालीचा करार मात्र चालूच राहतो.

वेळेच्या बाबतीत स्वतःचे यंत्र सरस, यात वाद नाही. केंद्रात रांग असते. शिवाय लवकर नासणारा आरएनए बहुधा कोरड्या बर्फात, उणे ७८ अंशांच्या आसपास, पाठवावा लागतो आणि सीमाशुल्क कचेरीत खोका अडकून बर्फ उडून गेला की नमुना हातचा गेलाच.

माझ्या मते खरी अडचण माणसांची आहे. मानवी जनुकसंच ३० पट खोलीने, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा, वाचल्यावर शंभर जीबीच्या घरात जाणारी माहिती हाती येते, पण तिचे विश्लेषण करणारा तज्ज्ञ यंत्राच्या खोक्यातून येत नाही. आफ्रिकेत २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या एचथ्रीएबायोनेट या जैवमाहितीशास्त्राच्या (जैविक माहितीच्या संगणकीय विश्लेषणाच्या) जाळ्याने ध्वनिचित्रित व्याख्याने आणि ठिकठिकाणचे स्थानिक वर्ग यांची सांगड घालून नेमके हेच कौशल्य वाढवले.

वर्षाकाठी मोजकेच प्रकल्प असतील आणि विश्लेषक नसेल, तर जाळ्यात सामील व्हावे. साथीच्या विषाणूचा क्रम एक-दोन दिवसांत हवा असेल, तर लहान नॅनोपोर यंत्र (सूक्ष्म छिद्रातून रेणू सरकवत क्रम वाचणारे) जवळ असावे. नमुने देशाबाहेर नेण्यास परवानगी नसेल, तर देशातलेच केंद्र शोधावे.