७७ मिमी पोलरायझर: दहा महिने वापरला, काच उत्तम, रिंगने रडवलं

परवा टोकियोच्या रिकुगिएन बागेत अंधार पडला, मोमिजीच्या (जपानी मेपलच्या) लाल पानांवर दिवे लागले आणि माझा पोलरायझर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसणारा आणि पुढची रिंग फिरवून चकाकी कापणारा फिल्टर, लेन्सवरून निघेचना. आत ट्रायपॉड लावू देत नाहीत. लेन्स एफ ४ ची, म्हणजे मुळात फार उजेड न घेणारी, आणि फिल्टर दीड स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). म्हणजे जो फोटो हातात धरून १/६० सेकंदाला निघाला असता तो १/२० वर गेला, म्हणजे हात जरा हलला की फोटो पुसट. चाळीसेक फोटोंत धड तीन. लाल पानं आणि दिवे यांची गाठ वर्षातून जेमतेम दोन आठवडे पडते, आणि माझी एकुलती मोकळी संध्याकाळ अशी गेली. निशि-कासाईला घरी पोचेपर्यंत गाडीत लेन्स मांडीवर घेऊन रिंगशी झटत होते.

फेब्रुवारीत हा फिल्टर सेकंडहँड घेतला, ३,८०० येनला. सुरुवातीला पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. मार्चअखेर सोमेइ-योशिनो (चेरीची जात) फुलला तेव्हा आभाळ दिवसचे दिवस पांढरं. ढगांतून पोलरायझर निळाई आणणार कुठून? फुलं मुळात फिकी, मागे पांढरं आभाळ आणि वर दीड स्टॉपचा भुर्दंड.

मत बदललं ते टोकियोतल्या चिदोरिगाफुचीला, चेरीच्या झाडांनी वेढलेल्या खंदकाकाठी. बहर ओसरला होता, पाकळ्या खंदकाच्या पाण्यावर तरंगत होत्या. जपानीत याला हाना-इकादा म्हणतात, फुलांचा तराफा. रिंग हळूहळू फिरवली तशी पाण्यावरची पांढुरकी चकाकी विझली, पाणी काळंशार झालं आणि एकेक पाकळी सुटी दिसायला लागली. काठावरच्या फांद्यांचं प्रतिबिंबही त्यातच पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. प्रतिबिंब हवं असेल तर रिंग पाव फेरा फिरवायची.

जूनमध्ये कामाकुराच्या मेइगेत्सुइन मंदिरात तर जीव हरखला. त्सुयूची (जपानी पावसाळ्याची) झिमझिम, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना निळी अजिसाई, म्हणजे हायड्रेंजियाची फुलं. ओल्या पानांवरची चमक गेली की तिच्याखालचा हिरवा रंग भरून येतो. चमकेने झाकलेला रंग फोटोत उतरलेलाच नसतो, त्यामुळे नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी तो मिळत नाही. ढगाळ दिवशी फिल्टर निरुपयोगी, हे माझं मार्चमधलं मत मी मागे घेते.

आता रिंग. दुखणं सुरू झालं एप्रिलअखेर, हिताचीच्या समुद्रकाठच्या बागेत. टेकडीवर ५३ लाख नेमोफिला (छोटी निळी फुलं), वर निळं आभाळ. (२४ मिमीसारख्या रुंद कोनाच्या लेन्सवर आभाळात एका बाजूला गडद पट्टा येतो. तो सगळ्याच पोलरायझरना येतो, याचा दोष नाही.) वारा जोरात होता आणि बारीक वाळू फिरत्या रिंगच्या फटीत शिरली. तेव्हापासून पुढची रिंग जड फिरते. ती जड झाली की आपण लावलेला जोर मागच्या आट्यांवर जातो आणि दरवेळी फिल्टर थोडा अधिक आवळला जातो. फिल्टरची रिंग ॲल्युमिनियमची, लेन्सचे आटेही त्याच धातूचे, त्यामुळे ते एकमेकांना धरून बसतात. पितळी रिंग अशी सहसा धरत नाही.

जूनमध्ये पहिल्यांदा अडकला तेव्हा दुकानात नेला. जुन्या मालाच्या फिरत्या भागांवर हमी नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. कंपनीच्या खिडकीवर उत्तर मिळालं की रिंग उघडून साफ करत नाहीत, नवा घ्या. काचेवर एक ओरखडा नाही आणि चिमूटभर वाळूसाठी नवा घ्यायचा? हे मला अजिबात पटलं नाही, अजूनही पटत नाही.

शेवटी उपाय सापडला ११० येनमध्ये. बरणीचं झाकण उघडायची रबरी चकती मिळते, ती फिल्टरच्या तोंडावर सपाट दाबायची आणि तळहाताने फिरवायची. बोटांच्या चिमटीत घट्ट धरू नका, रिंग किंचित लंबगोल होते आणि अजूनच रुतते. परवा नेमकी तीच चकती घरी राहिली होती. घरी आल्यावर दहा सेकंदांत फिल्टर सुटला.

पितळी रिंगवाला याच मापाचा फिल्टर मी पाहिलेल्या दुकानांत ११,००० येनच्या खाली नाही. आत्ता घेणार नाही. चकती कॅमेऱ्याच्या बॅगेत कायमची ठेवली आहे, समुद्रकाठी हा फिल्टर नेणं बंद, आणि रात्रीचे फोटो असतील तर दिवस मावळायच्या आत तो काढून ठेवायचा. मार्चअखेर चिदोरिगाफुचीला मात्र हाच घेऊन जाणार.